स्प्रिंगच्या एअर रायफलचा ग्रुप लहान करायचा आहे? मग या क्रमाने जा

गेल्या वर्षी मे महिन्याच्या सुट्टीत माझा भाचा चिपळूणला आला तो नवी एअर रायफल घेऊनच. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं कांस्य मिळवलं, तेव्हापासून नेमबाजीने त्याला झपाटलं होतं. अंगणात दहा मीटर मोजून आम्ही कागद लावला. त्याने पाच छर्रे मारले आणि पाचांची तोंडं पाच दिशांना. "मामा, हिची नळीच वाकडी आहे," तो म्हणाला.

बारा वर्षांपूर्वी मी माझ्या बंदुकीबद्दल अगदी हेच म्हणालो होतो. मग स्कोप बदलला, महागडे छर्रे आणले. पैसे गेले, दोन वर्षं गेली आणि ग्रुप, म्हणजे कागदावरच्या भोकांचा पसारा, होता तेवढाच राहिला. मूळ दोष निघाला दस्त्याच्या एका सैल स्क्रूमध्ये आणि माझ्या डाव्या हाताच्या मुठीत. दोन्हींच्या दुरुस्तीला एक पैसाही लागला नाही. म्हणून हा लेख. यातल्या पायऱ्या स्वस्त आणि सोप्या गोष्टींपासून सुरू होतात, खर्चिक आणि अवघड गोष्टी शेवटी येतात. क्रम मोडू नका आणि एका वेळी एकच बदल करा. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर फरक कशामुळे पडला हे तुम्हाला कधीच कळणार नाही.

आधी हे समजून घ्या: छर्रा बाहेर पडण्याआधीच बंदूक हललेली असते

नळी मोडून, म्हणजे बिजागरीवर खाली वाकवून, कॉक केली की आतली स्प्रिंग दाबली जाते आणि पिस्टन मागे अडकतो. ट्रिगर दाबला की पिस्टन सुटतो, पुढे धावतो, समोरची हवा दाबतो आणि ती हवा छर्ऱ्याला ढकलते. साधारण पाव किलोचा पिस्टन ऐंशी मिलिमीटर पुढे जाणार असेल, तर तीन किलोची बंदूक त्याच क्षणी सहा मिलिमीटरच्या आसपास मागे सरकणार. ती सरकतेच, तुम्ही कितीही घट्ट धरा. मग पिस्टन दाबलेल्या हवेच्या गादीवर आपटून थांबतो आणि बंदूक झटक्याने पुढे येते. आधी मागे, मग पुढे, असा दुहेरी धक्का. हा सगळा खेळ सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आसपास उरकतो आणि त्यातला बराच वेळ छर्रा अजून नळीतच असतो.

म्हणजे छर्रा सुटतो तो हलत्या नळीतून. हालचाल थांबवणं आपल्या हातात नाही, पण ती दर वेळी एकसारखी होऊ देणं आहे. स्प्रिंगच्या रायफलची अचूकता म्हणजे एवढंच. खालची प्रत्येक पायरी याच एका गोष्टीसाठी आहे.

हा धक्का मोठ्या कारखान्यांनाही सतावत होता. जर्मनीच्या फाइनवेर्कबाऊने ३०० या मॉडेलमध्ये नळी आणि सिलिंडर दस्त्यातल्या रुळांवर मागे सरकतील अशी सोय केली, म्हणजे धक्का नेमबाजापर्यंत पोचतच नाही. डायनाने काही मॉडेलमध्ये उलट दिशेने धावणारा दुसरा पिस्टन बसवला. आज १० मीटरच्या मोठ्या स्पर्धांमध्ये दाबलेल्या हवेच्या टाकीवर चालणाऱ्या रायफली असतात, त्यांना हा त्रास जवळजवळ नाहीच. त्यामुळे त्या रायफलवाल्यांचा "घट्ट धर, खांद्यात रोव" हा सल्ला आपल्याला जसाच्या तसा लागू पडत नाही.

काय काय लागेल

- रायफलची पावती आणि तुमच्या ओळखपत्राची प्रत. दुकानदार खरेदीच्या वेळी ओळखपत्र मागतोच, पण पावतीची एक प्रत बंदुकीच्या बॅगेतही कायम ठेवा. वाटेत कोणी विचारलं तर तीच कामाला येते.
- संरक्षक चष्मा. दोन घ्या, शेजारी उभं राहणाऱ्यासाठीही लागतो.
- स्क्रूच्या खाचेत बरोबर बसणारा स्क्रू ड्रायव्हर किंवा ॲलन की. घरातला झिजलेला स्क्रू ड्रायव्हर नको.
- निळा थ्रेडलॉकर, म्हणजे स्क्रू सैल होऊ न देणारा डिंक. निळाच, कारण तो पुन्हा उघडता येतो. लाल आणू नका.
- मासेमारीची तंगूस, दोनेक मीटर.
- जुन्या सुती बनियनचे तुकडे.
- तीन-चार प्रकारच्या छर्ऱ्यांचे लहान डबे.
- मोजायला व्हर्नियर किंवा निदान चांगली पट्टी, मास्किंग टेप, वही.

१. जागा, मागची आड आणि कायदा

४.५ मिलिमीटरपर्यंतची (०.१७७) नळी आणि २० जूलपर्यंत ऊर्जा असलेल्या एअर रायफलला २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार परवाना लागत नाही. परवाना लागत नाही म्हणजे ते खेळणं आहे असा अर्थ काढू नका. या छर्ऱ्याने डोळा जातो. पक्ष्यांवर किंवा बागेत उतरणाऱ्या वानरांवर ही बंदूक चालवू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तो गुन्हा आहे. शिवाय ४.५ मिलिमीटरचा छर्रा जनावराला मारत नाही, सडवत ठेवतो. काजू-आंब्याचं नुकसान मीही सोसतो, तरी हे सांगतोय.

आमच्याकडे बहुतेकांच्या अंगणाला चिऱ्याचा गडगा असतो आणि लोक त्यावरच कागद चिकटवून नेम धरतात. हे करू नका. चिऱ्यावरून, सिमेंटवरून, दगडावरून छर्रा उलटा येतो. लाकडी खोक्यात जुनी गोणपाटं आणि चिंध्या निदान वीस सेंटिमीटर जाडीच्या ठासून भरा आणि खोक्याच्या आत मागच्या बाजूला लोखंडी पत्रा लावा. चिंध्या मधोमध विरतात, म्हणून दर दोन-तीनशे छर्ऱ्यांनंतर खोका उघडून पुन्हा ठासा. खोक्यामागे माणसांची ये-जा नसावी आणि बाजूने कोणी अचानक पुढ्यात येऊ शकत असेल तर तो मार्ग आधी बंद करा.

नव्या माणसाच्या हातून होणाऱ्या दोन गोष्टी आत्ताच सांगतो. पहिली म्हणजे नळी उघडी असताना ट्रिगर दाबणं. नळी जोरात वर येऊन आपटते, बोटं सापडतात आणि नळी वरच्या बाजूला वाकते. अशी बंदूक मग कायम उंच मारते. छर्रा भरताना एका हाताने नळी धरून ठेवा आणि ट्रिगरपासून बोट लांब. दुसरी म्हणजे छर्रा न घालता मारणं. समोर हवेची गादी तयार होत नाही, पिस्टन सरळ धातूवर आपटतो, पिस्टनच्या तोंडाचा वॉशर आणि स्प्रिंग दोन्ही खराब होतात. दुकानात कोणी "मारून बघा" म्हणून रिकामी बंदूक हातात दिली तर नको म्हणा.

२. आज बंदूक कशी मारते ते कागदावर घ्या

काहीही सुधारण्याआधी पाच कागद मारा, प्रत्येकावर पाच छर्रे. अंतर दहा मीटर, टेपने मोजलेलं. पावलांनी मोजू नका. तीन छर्ऱ्यांचा ग्रुप फसवतो, तीन योगायोगानेही जवळ पडतात.

मोजायचं असं: सगळ्यात लांब पडलेल्या दोन भोकांच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर घ्या आणि त्यातून ४.५ मिलिमीटर वजा करा. हे झालं मध्य ते मध्य अंतर. पाचही ग्रुप लिहा आणि सरासरी काढा. सगळ्यात चांगला ग्रुप खिशात ठेवून मिरवण्याचा मोह होतो, पण कामाची ती सरासरीच.

आकड्याचा अंदाज यावा म्हणून सांगतो. १० मीटर रायफलच्या अधिकृत टार्गेटवर दहाचा ठिपका फक्त अर्धा मिलिमीटर असतो, नऊचं वर्तुळ ५.५ आणि आठचं १०.५ मिलिमीटर व्यासाचं. छर्रा रेषेला टेकला तरी वरचा गुण मिळतो. म्हणजे मध्य ते मध्य १५ मिलिमीटरचा ग्रुप बरोबर मधोमध बसला तर एकही छर्रा आठच्या खाली जात नाही. साध्या स्प्रिंगच्या रायफलवर, हात टेकवून, हे पहिलं उद्दिष्ट ठेवा. भाच्याची पहिली सरासरी ४३ आली होती.

३. स्क्रू

ही पायरी सगळे वगळतात. दुहेरी धक्क्याने दस्त्याचे स्क्रू हळूहळू सुटतातच. बहुतेक बंदुकांना पुढे दोन्ही बाजूंनी एकेक आणि ट्रिगर गार्डला एक किंवा दोन स्क्रू असतात. सगळे तपासा. सैल असतील तर बाहेर काढा, आट्यांवरचं तेल पुसा, थ्रेडलॉकरचा एक थेंब लावा आणि बसवा. किती आवळायचं? ड्रायव्हर दोन बोटांनी फिरेनासा झाला की मनगटाने अगदी थोडं. त्यापुढे जोर लावला तर लाकूड चेपतं, चार दिवसांनी स्क्रू पुन्हा सैल लागतो आणि आपण पुन्हा आवळतो. असं करत करत लाकडाला तडा गेलेले दस्ते मी पाहिले आहेत.

मग पुन्हा पाच कागद. माझ्या बंदुकीचा डावीकडचा स्क्रू पाऊण आटा सैल होता आणि तो बसवल्यावर सरासरी ३८ वरून २६ वर आली. दोन वर्षं मी त्या स्क्रूकडे पाहिलंही नव्हतं.

४. नळीचा सांधा आणि ब्रीचची रिंग

मोडणाऱ्या नळीची बंदूक असेल तर नळी दर वेळी त्याच जागी येऊन बसली पाहिजे. तपासायला बंदूक सुरक्षित दिशेला धरून कॉक करा, नळी सोडू नका, आणि मग ती अर्ध्यावर आणून हात किंचित सैल करा. नळी जिथे ठेवली तिथेच राहिली तर सांधा ठीक. स्वतःच्या वजनाने खाली पडली तर बिजागरीचा बोल्ट सैल आहे. काही मॉडेलमध्ये तो बाहेरून आवळता येतो, काहींत साधी पिन असते आणि तिथे मेकॅनिकच लागतो. नळी बंद करून टोक डावी-उजवीकडे हलवून पाहा. कटकट जाणवली तर हीच तुमची मुख्य अडचण आहे, पुढच्या पायऱ्या तोवर थांबवा.

आता ब्रीचची रिंग, म्हणजे नळीच्या मागच्या तोंडाशी असलेलं रबर. टिश्यू पेपरची बारीक पट्टी सांध्यावर ठेवा आणि छर्रा भरून, नेहमीच्या खोक्यावर, मारा. पट्टी उडाली तर हवा तिथून गळते आहे आणि दर वेळी सारखी गळत नाही. त्यामुळे छर्ऱ्याचा वेग बदलतो आणि ग्रुप उभा लांबतो. रिंग काही रुपयांची असते. जुनी सोबत नेऊन त्याच मापाची घ्या.

५. नळीची सफाई, पण बेताने

नव्या बंदुकीच्या नळीत कारखान्याचं गंज न लागण्याचं तेल आणि कचरा असतो, तो काढायलाच हवा. नळी अर्धवट उघडा, ब्रीच दिसेल इतकीच, कॉक होईपर्यंत वाकवू नका. तंगूस दुमडून तिची दोन्ही मोकळी टोकं ब्रीचकडून आत सारा आणि नळीच्या टोकातून बाहेर काढा. मागच्या बाजूला राहिलेल्या फासात बनियनचा तुकडा अडकवा आणि ब्रीचकडून टोकाकडे ओढा. पहिला तुकडा काळा येईल, पाचवा-सहावा करडा. जवळजवळ कोरा निघेपर्यंत चालू ठेवा. लोखंडी सळई किंवा तारेचा ब्रश घालू नका. नळीच्या टोकाची कड दुखावली की ती सुधारत नाही.

सफाईनंतरचे पहिले दहा-पंधरा छर्रे इकडेतिकडे जातात, नळीला शिशाचा पातळ थर बसावा लागतो. ते मोजू नका. त्यानंतर उगाच दर आठवड्याला साफ करायची गरज नाही. ग्रुप आपोआप बिघडायला लागला की तेव्हा करा.

आणि तेल. शिवणयंत्राचं तेल, थ्री-इन-वन, खोबरेल, काहीही हवेच्या छिद्रातून आत सोडू नका. दाबामुळे आतली हवा इतकी तापते की ते तेल पेट घेतं. फटाक्यासारखा आवाज येतो, निळसर धूर निघतो, एखादा छर्रा हातभर उंच जातो आणि पोरांना वाटतं बंदुकीची ताकद वाढली. प्रत्यक्षात आतला वॉशर जळत असतो. जुन्या देशी बंदुकीत चामड्याचा वॉशर असेल तर त्याला मात्र ओलावा लागतो. त्यासाठी एअरगनचं सिलिकॉन चेंबर ऑइल मिळतं, त्याचे एक-दोन थेंब पुरतात, तेही काही महिन्यांतून एकदा.

६. छर्रे

प्रत्येक नळीची आवड वेगळी असते. शेजाऱ्याच्या बंदुकीत भोकावर भोक पडतं तोच डबा तुमच्या बंदुकीत फुलबाजी उडवेल. म्हणून मोठा डबा घेण्याआधी तीन-चार प्रकार आणा: दोन चपट्या तोंडाचे, दोन गोल तोंडाचे. वजन ७ ते ८.५ ग्रेनच्या दरम्यान, म्हणजे साधारण ०.४५ ते ०.५५ ग्रॅम. आरडब्ल्यूएस आणि एच अँड एन हे जर्मन, जेएसबी हे चेक, आणि देशी मॅच छर्रेही घेऊन पाहा. दहा मीटरवर चपट्या तोंडाचे छर्रे कागदाला स्वच्छ गोल भोक पाडतात, मोजायला सोपे. वीस मीटरच्या पुढे गोल तोंडाचे बरे. टोकदार छर्रे दिसायला जोरदार असतात, पण टोक जरा तिरकं असलं की नेम गेला, म्हणून मी ते वापरत नाही.

डब्यावर ४.४९, ४.५०, ४.५१, ४.५२ असे आकडे असतात, ते छर्ऱ्याच्या डोक्याचं माप. छर्रा अंगठ्याने हलका विरोध देत बसला पाहिजे. आपोआप घरंगळून आत गेला तर तो तुमच्या नळीला लहान आहे.

प्रत्येक छर्रा भरण्याआधी त्याचा घेर बघा. मी तो दोन बोटांत धरून उजेडाकडे करतो. मागची कड गोल आहे का, कुठे चेपलेली आहे का, शिशाचा कण चिकटलाय का, एवढं पाहायला दोन सेकंद लागतात. चेपलेले बाजूला काढा. भरल्यावर मागची कड नळीच्या तोंडाशी सपाट झाली पाहिजे. जरा बाहेर राहिली तर नळी बंद करताना ती कापली जाते.

प्रकार बदलला की आधी दहा-पंधरा छर्रे मोजणीबाहेर मारा, मग पाच ग्रुप. छर्रे तोंडात धरून भरायची सवय काहींना असते, ती तोडा. शिसं विषारी आहे. नेमबाजी संपली की खाण्यापिण्याआधी साबणाने हात धुवा.

७. पकड: इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

भाच्याच्या डाव्या हाताकडे मी पहिल्यांदा नीट पाहिलं तेव्हा त्याच्या बोटांची पेरं पांढरी पडली होती. दस्ता त्याने बसमधल्या दांड्यासारखा आवळला होता. मूठ आवळली की धक्का हातातून जातो, आणि मुठीचा जोर तर दर वेळी वेगळा. एकदा घाम, एकदा थकवा, एकदा "आता दहा मारायचाच" हा विचार. बंदूक तेवढीच वेगळी उसळते.

डावा तळहात उघडा ठेवा. बंदूक त्यावर नुसती टेकू द्या, बोटं दस्त्याला वेढू नका. परातीत काही ठेवून ती तळव्यावर तोलावी तसं. उजव्या हाताने दस्त्याची मान इतकीच धरा की ट्रिगर सरळ मागे दाबता येईल, अंगठा वरून न आवळता बाजूला ठेवला तरी चालतो. खांद्याला दस्ता टेकलेला, रोवलेला नाही. गाल दस्त्यावर टेकवा, दाबू नका. नेमबाज याला आर्टिलरी होल्ड म्हणतात, कारण तोफ जशी गाड्यावर मोकळी मागे सरकते तशी बंदूक हातात मोकळी सरकते.

बंदूक टेबलावर किंवा वाळूच्या पिशवीवर थेट ठेवून मारू नका. कठीण पृष्ठभागावरून ती दूर उसळते आणि छर्रे भलतीकडे जातात. पिशवी वापराच, पण पिशवीवर तुमच्या हाताचा मागचा भाग टेकवा आणि बंदूक तळव्यावर.

आता तळवा कुठे ठेवायचा? हे प्रत्येक बंदुकीचं वेगळं असतं आणि शोधूनच काढावं लागतं. पहिले पाच छर्रे ट्रिगर गार्डच्या लगेच पुढे हात ठेवून मारा, पुढचे पाच चार बोटं पुढे, त्यापुढचे पाच दस्त्याच्या टोकाजवळ. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच करा. एक जागा इतर दोघींपेक्षा ठळकपणे चांगली निघेल. तिथे मास्किंग टेपचा तुकडा लावा आणि तर्जनी दर वेळी त्या टेपच्या कडेला आणून ठेवा. भाच्याच्या बंदुकीला गार्डजवळची जागा आवडली: तिथे १९, टोकाजवळ ३४. माझी बंदूक नेमकी उलटी, तिला हात पुढे लागतो.

शरीराची दिशाही बघा. नेम धरा, डोळे मिटा, दोन श्वास घ्या, डोळे उघडा. माशी (नळीच्या टोकावरची नेमाची खूण) टार्गेटवरून डावीकडे सरकली असेल तर हाताने ओढून आणू नका, बूड किंवा पाय सरकवून सगळं अंगच फिरवा. हाताने ओढलेली बंदूक ट्रिगर सुटताच आपल्या मूळ जागी परत जाते, आणि तोवर छर्रा नळीतच असतो.

८. ट्रिगर आणि त्यानंतरचा क्षण

ट्रिगरवर बोटाचं पेर नको, टोकाचा मऊ भाग ठेवा. दोन टप्प्यांचा ट्रिगर असेल तर पहिला टप्पा उचला, भिंत लागली की थांबा, अर्धा श्वास सोडा, मग हळूहळू दाब वाढवा. नेम सात-आठ सेकंदांत बसला नाही तर बोट काढा, बंदूक खाली घ्या, पुन्हा सुरुवात करा. दमलेल्या डोळ्याला माशी स्थिर दिसते, पण ती स्थिर नसते.

बंदूक सुटल्यावर काहीही हलवू नका. बोट दाबलेलंच, गाल टेकलेलाच, डोळा माशीवरच. खोक्यावर छर्ऱ्याचा "ठक" ऐकू येईपर्यंत तसेच राहा, आणि त्यानंतर एक-दोन म्हणून मग डोकं उचला. कुठे लागला ते पाहायला मान वर करणारा माणूस ती छर्रा सुटण्याच्या आधीच उचलायला लागलेला असतो.

ट्रिगर जड किंवा खरखरीत असेल तर बाहेरच्या ॲडजस्टमेंटच्या स्क्रूपलीकडे जाऊ नका. आतली खाच कानशीने घासून हलका ट्रिगर करून देणारे भेटतात. अशी बंदूक नुसती टेबलावर आपटली तरी सुटू शकते.

९. माशी, खाच किंवा स्कोप

शिकायला साधी माशी आणि मागची खाच उत्तम. डोळा माशीवर केंद्रित करा, टार्गेट जरा धूसर दिसलं पाहिजे. खाचेत माशीच्या दोन्ही बाजूंना सारखा उजेड, वरची कड खाचेच्या कडेशी समपातळीत. छर्रा जिकडे न्यायचा, मागची खाच तिकडे सरकवा, पुढची माशी उलटीकडे. ग्रुप लहान झाल्याशिवाय खाचेला हातच लावू नका. विखुरलेल्या छर्ऱ्यांच्या मागे खाच फिरवणं म्हणजे वाऱ्याच्या मागे धावणं.

स्कोप घ्यायचाच असेल तर स्प्रिंगच्या बंदुकीसाठीचा घ्या. मोठ्या काडतुसी रायफलचा भारी स्कोपसुद्धा पुढे येणाऱ्या उलट झटक्याने आतून निखळतो. पुढचं भिंग दहा मीटरपर्यंत फोकस करता येणारं हवं, नाहीतर डोळा जरा हलला की क्रॉस (आतल्या उभ्या-आडव्या रेघा) टार्गेटवर सरकतो. माउंट, म्हणजे स्कोप बंदुकीवर बसवायची पकड, एकसंध आणि थांबवणारी पिन असलेला घ्या. माउंटच्या मागे टेपची पट्टी लावून ठेवा. पट्टी आणि माउंटमध्ये फट दिसली किंवा पट्टी चुरगळली तर माउंट सरकतो आहे.

साधारण १/४ क्लिकचा, म्हणजे एका क्लिकला कोनाचं पाव मिनिट फिरणारा, स्कोप दहा मीटरवर एका क्लिकला जेमतेम ०.७ मिलिमीटर सरकतो. एक सेंटिमीटरसाठी चौदा क्लिक लागतात, दोन क्लिक फिरवून काहीच झालं नाही म्हणून वैतागू नका. मोडणाऱ्या नळ्यांच्या बंदुका स्कोपखाली बऱ्याचदा फार खाली मारतात, कारण नळीच जरा खाली झुकलेली असते. वरचा नॉब शेवटपर्यंत फिरवून हे भरून काढलं तर आतली स्प्रिंग सैल पडते आणि क्रॉस भटकतो. त्याऐवजी मागच्या रिंगखाली कोल्ड्रिंकच्या डब्याच्या पत्र्याची पातळ पट्टी घाला. छर्रे वर येतात.

१०. आतलं काम

इथवर सगळं करूनही ग्रुप उघडाच राहिला, किंवा कॉक करताना करकर ऐकू येते, एकदम हलकं लागतं, छर्रा निर्जीव पडतो, तर स्प्रिंग किंवा वॉशर गेला आहे. घरी उघडू नका. स्प्रिंग दाबलेल्या अवस्थेत असते आणि मागचा तुकडा सुटला की तोंडावर येतो. तिच्यासाठी स्प्रिंग कंप्रेसर लागतो, तो ज्याच्याकडे आहे त्याच्याकडेच द्या.

मेकॅनिकला काय सांगायचं ते मात्र ठरवून जा: मूळ मापाचीच स्प्रिंग, नवा वॉशर, स्प्रिंगच्या आतला गाइड घट्ट बसणारा, आणि घासणाऱ्या भागांना मॉलिब्डेनम ग्रीस. मला एकाने "पॉवर वाढवून देतो" म्हणून लांब, कडक स्प्रिंग घालून दिली होती. धक्का वाढला, थरथर वाढली, ग्रुप २६ वरून ४० च्या पुढे गेला आणि माझ्या स्कोपची क्रॉसची तार तुटली. शिवाय २० जूलची मर्यादा ओलांडली तर बिनपरवान्याचं शस्त्र घरात ठेवल्यासारखं होतं. ०.५३ ग्रॅमचा छर्रा सेकंदाला १७५ मीटर वेगाने गेला तर ऊर्जा भरते आठ जूल, आणि दहा मीटरवरच्या कागदाला त्याहून जास्त कशालाच लागत नाही.

कॉक केलेली बंदूक तशीच ठेवू नका, स्प्रिंग बसते आणि धोकाही आहे. कॉक केली तर मारूनच ठेवा.

११. वही आणि पावसाळा

दिवसाला तीस-चाळीस छर्रे पुरेत. त्यापुढे हात थकतो आणि थकलेल्या हाताची सवय अंगात मुरते. वहीत तारीख, छर्ऱ्याचा प्रकार, हाताची जागा, पाच ग्रुप आणि काय बदललं, एवढंच लिहा. भाच्याच्या वहीतली सुट्टीच्या शेवटच्या दिवसाची ओळ अशी आहे: "गोल तोंड ४.५१, हात गार्डजवळ, १७, १४, १९, १३, १६. काही बदललं नाही."

कोकणातल्या पावसात चार दिवसांत नळीवर तांबूस बुंदके उठतात. जून लागला की बंदूक रेक्झिनच्या किंवा फोमच्या कव्हरमधून बाहेर काढा, कारण ते ओल धरून ठेवतं. बाहेरून तेलाचा हात फिरवून सुती कापडात गुंडाळा आणि कपाटात उभी न ठेवता आडवी ठेवा, म्हणजे तेल ओघळून दस्त्यात मुरणार नाही. नळीतून तेलाने जेमतेम ओला केलेला तुकडा एकदा ओढा. दसऱ्याला पूजेसाठी बाहेर काढाल तेव्हा आधी दोन-तीन कोरे तुकडे ओढून ते तेल काढा, स्क्रू पुन्हा तपासा, आणि पहिले पंधरा छर्रे वहीत धरू नका.